वासंतीचा अनुस्वार

आईची पंच्याहत्तरी आली म्हणून मी ठरवलं की दारावर तिच्या नावाची लाकडी पाटी लावायची, आणि तीही स्वतः कापून. तीनच तर अक्षरं, वा-सं-ती, त्यात काय एवढं!

पुण्यात बोहरी आळीत जाऊन स्क्रोल सॉ (बारीक उभ्या ब्लेडने नक्षी कापायची टेबलावरची करवत) मागितला तर तीन दुकानांत जिगसॉ दाखवला, चौथ्याने "साहेब, हा घ्या, काय पण कापतो" म्हणून ग्राइंडर पुढे केला. शेवटी ऑनलाइन मागवला, १६ इंची. मी आपला १६ इंची ब्लेड समजून खुश, तर ते ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर निघालं. ब्लेड असतं पाच इंचाचं.

आणि त्या पाच इंचांनी जो छळ मांडलाय! माझी मशीन स्वस्तातली, तिला पिनवालीच, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी पिन असलेलीच ब्लेडं चालतात. आता व चं पोट कापायचं तर आधी आत भोक पाडा, ब्लेड एका टोकाने सोडवा, भोकातून ओवा, परत ताणा. पण पिन जाईल एवढं भोक पाडलं की पोटच संपतं. मग बिनपिनच्या ब्लेडसाठी वेगळे क्लॅम्प आले, पाठोपाठ नंबर आले, २/०, १, ३, ५, ७, नंबर मोठा तसं ब्लेड जाड, त्यात परत स्किप टूथ, रिव्हर्स टूथ, स्पायरल... मुलीच्या अ‍ॅडमिशनला पण मी इतक्या रात्री जागलो नव्हतो.

५ नंबरचं रिव्हर्स टूथ घेतलं, त्याचे खालचे थोडे दाते उलटे असतात म्हणून प्लायची खालची कड फुटत नाही. पहिलं मी उलटंच बसवलं, दाते वर, प्लाय टेबलावर थयथय नाचायला लागलं. दुसरं सैल राहून तुटलं. नीट ताणलं की छेडल्यावर टणकन वाजतं म्हणे, म्हणून मी तंबोरा लावल्यासारखा कान देऊन बसलेलो. तिसरं रेघ सोडून उजवीकडेच पळायचं (बनवताना एका बाजूला कंगोरा राहतो म्हणून, लाकूड जरा तिरकं धरून ढकलायचं असतं, हे चौथ्या ब्लेडला कळलं).

शेवटी झाली पाटी. अक्षरं शिरोरेषेला धरून मस्त उभी, पण अनुस्वार कशालाच धरून नसतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो सुटा होऊन भुशात पडला आणि भुशाबरोबर केरात गेला.

दारावर ठोकल्यावर आईने चष्मा लावून वाचलं. "वासती? ही कोण रे?"

मग कपाळावरची टिकली काढली आणि स च्या डोक्यावर दाराला चिकटवून चहा टाकायला आत गेली.