कॉइल प्लगवर की प्लगशेजारी?

डॉक्टरची फोक्सवॅगन बीटल गेल्या रविवारी आंबा घाटात मिसिंग मारून, म्हणजे ठिणग्या चुकवत, उभी राहिली, त्यातून हा वाद निघाला. गाडी १९६८ ची. मागं चार सिलिंडरचं आडवं इंजिन, १४९३ सीसी, पाणी नाही, रेडिएटर नाही, पंख्याच्या हवेवर थंड होणारं. कॉइल ठिणगीसाठी व्होल्टेज चढवते आणि डिस्ट्रिब्यूटर ती ठिणगी पाळीपाळीनं चारही प्लगकडं पाठवतो. घाटात त्यानं डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढली तर पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या स्विचची, टाच झिजून गॅप जवळजवळ मिटलेला. गॅप मोजायचा फिलर गेज घरी राहिलेला. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड मधे घालून अंदाजानं गॅप लावला आणि गाडी कोल्हापूरला आणली.

या रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "डिस्ट्रिब्यूटर काढतोय. चार प्लगवर चार कॉइल, आणि ठिणगीची वेळ ठरवायला खाली ईसीयू, म्हणजे कंप्युटरचा डबा. रोजची कटकट संपली."

काका उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ आणि इंजिनांत घालवलेला माणूस. ते शांतपणे म्हणाले, "कार्ड घालून घरला आलास न्हवं? मग तुजा त्यो डबा घाटात मेला तर त्यात कुठलं कार्ड घालणार?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला पटकन उत्तर नाही. पॉइंट बिघडतो तेव्हा आधी कुरकुर करतो, पिकअप जातो, मिसिंग येतं. सेन्सरची वायर तुटली तर इंजिन त्याच क्षणी गप्प. मी तरी काकांच्या बाजूनंच बसलो होतो.

बारक्या मात्र उठला. हा दिवसभर कंट्रोलर आणि सेन्सरमध्येच असतो. चहावाल्याच्या पाटीखालचा खडू घेऊन त्यानं कट्ट्यावरच आकडे मांडले. "काका, चार सिलिंडर, चार हजार आरपीएम. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन ठिणग्या. म्हणजे सेकंदाला १३३. दोन ठिणग्यांमध्ये साडेसात मिलिसेकंद. त्यातला पॉइंट मिटलेला असतो निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे चार मिलिसेकंद. एवढ्यात तुमच्या एकुलत्या एक कॉइलनं करंट भरून घ्यायचा. चार कॉइल असल्या तर प्रत्येकीला दोन ठिणग्यांमध्ये तीस मिलिसेकंद मिळतात. निवांत भरते."

"माजी गाडी चार हजारावर मिसिंग मारत न्हाय," काका म्हणाले.

"पॉइंट नवा असतो तवा न्हाय मारत," बारक्या म्हणाला. "टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागं सरकतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. तुम्ही लावलेलं टायमिंग दुसऱ्या दिवसापासूनच हलायला लागलेलं असतं. आणि पॉर्शचं काय झालं? १९८९ पासूनच्या ९६४ मॉडेलला सिलिंडरला दोन-दोन प्लग, त्यासाठी दोन डिस्ट्रिब्यूटर, आणि दुसरा फिरवायला एक बारका दातेरी पट्टा. तो पट्टा तुटला की दुसऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा रोटर, म्हणजे आतलं फिरणारं पातं, जागच्या जागी थांबतो आणि सगळा करंट एकाच तोंडाला जातो, भलत्याच वेळी. तेही हवेवर थंड होणारंच इंजिन. एवढ्या भारी गाडीत घोटाळा झाला तो फिरणाऱ्या भागांपायी."

काकांनी मान हलवली. पॉर्शचं त्यांना पटलं, कारण पट्टे तुटताना त्यांनी आयुष्यभर बघितलेत.

इथवर बारक्या बरोबर होता. पण कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसवायची म्हटल्यावर मला राहवलं नाही. हे मी मनापासून सांगतोय, कारण जुन्या गाडीच्या हौशी माणसांचा पैसा इथंच वाया जातो.

आजकालच्या गाडीत कॉइल पेन्सिलीसारखी लांब असते आणि हेडमधल्या खोल विहिरीत उतरते. ती विहीर पाण्याच्या जॅकेटमध्ये असते, पाणी नव्वद-शंभर अंशावर, म्हणून कॉइलला ते झेपतं. बीटलच्या हेडला पाणी कुठलं? प्लगच्या बुडाशी दीडशे ते दोनशे अंश ही रोजची बाब. चालत्या गाडीत पंखा निदान वारा मारत असतो. घाट चढून आलात, चहासाठी थांबलात, इंजिन बंद केलं की पंखा थांबतो आणि हेडमध्ये साठलेली सगळी धग वर येते. त्या दहा-पंधरा मिनिटांत प्लगवरची कॉइल भाजते. आतलं इपॉक्सी अशा चार-सहा उन्हाळ्यांत तडकलं की मिसिंग परत आलंच, आणि ते कार्ड घालून सुटणारं नाही.

दुसरी गोष्ट पत्र्याची. बीटलच्या सिलिंडरभोवती पत्र्याची खोळ असते. पंख्याचा वारा त्या खोळीत कोंडून सिलिंडरच्या फिनांवरून खाली जायला हवा. प्लगची वायर जिथून आत जाते त्या भोकाला रबराची टोपी असते. ती टोपी निघाली की थंड वारा तिथून बाहेर पळतो, सिलिंडर तापतं. लांब कॉइल घालायची म्हणजे ते भोक मोठं करायचं किंवा टोपी फेकायची. डॉक्टरनं हे ऐकून खाली वाकून भोकं बघितली आणि काही बोलला नाही.

"मग कॉइल कुठं लावायची?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"प्लगजवळ," मी म्हटलं. "पंख्याच्या घराच्या बाजूला कंस मारून चार कॉइल, प्रत्येकीतून वीतभर वायर, मूळची रबरी टोपी तशीच. करंटचा प्रवास आखूड झाला, कॉइल गार राहिली. सप्रेसर वायर नि रेझिस्टर प्लग मात्र घाल, नाहीतर ठिणगीचा गोंधळ सेन्सरच्या वायरीत शिरतो."

बारक्यानं लगेच धरलं, "मग चार कॉइल कशाला? दोन तोंडांच्या दोन कॉइल बस. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणग्यांचा क्रम, एक-चार-तीन-दोन. एक नि तीन जोडीनं, दोन नि चार जोडीनं. एकात ठिणगी कामाची, दुसऱ्यात एक्झॉस्टच्या वेळी वाया. क्रँकच्या पुलीवर छत्तीस दात्यांतला एक दाता गाळलेलं चाक, प्रत्येक दाता दहा अंशांचा, समोर मिलिमीटरभर अंतरावर सेन्सर. कुठलं सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे ते सांगणाऱ्या कॅम सेन्सरची कटकटच नको."

सरळ काम तेच. मीही तसंच सुचवणार होतो. तेवढ्यात काका म्हणाले, "डॉक्टर, डिस्ट्रिब्यूटर कुठाय?"

तो काढून डिकीत ठेवलेला होता, म्हणजे पुढच्या बॉनेटखाली; गाडी आज उसन्या डिस्ट्रिब्यूटरवर आली होती. काकांनी फडक्यात धरून आतल्या कॅमवर, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या भागावर, बोट फिरवलं. "ह्ये चार उंचवटे बघ. सारखे दिसतात. पर तीन नंबरचा थोडा उशिरानं उचलतो. काल ह्याच्या गाडीला टायमिंग लाइट लावला, ठिणगीसंगं लुकलुकणारा. एक नि तीन पुलीवर एकाच खुणंला यायला पायजेत. एकचा खुणंवर, तीनचा दोन-तीन अंश मागं. पयल्यांदा वाटलं शाफ्ट हलतोय. शाफ्ट घट्ट हाय."

कट्टा गप्प झाला. बारक्यानं डिस्ट्रिब्यूटर हातात घेतला.

हे मी ऐकून होतो, डोळ्यांनी बघितलं नव्हतं. जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, डाव्या अंगाला उभा. तीन नंबरच्या वाट्याला येणारा वारा आधी त्या गरम कूलरमधून गाळून येतो. म्हणून तीन नंबर सगळ्यात तापतं, म्हणून या इंजिनांच्या कित्येक डिस्ट्रिब्यूटरमध्ये कारखान्यानंच त्याची ठिणगी जराशी मागं ठेवली होती. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर वेगळ्या कप्प्यात गेला आणि तो त्रास कमी झाला. ईसीयूवाले आज "सिलिंडरनुसार टायमिंग" म्हणून जे सांगतात, ते त्या माणसांनी लोखंडाच्या उंचवट्यात घासून ठेवलं होतं. मला त्या क्षणी त्या अज्ञात कारागिराबद्दल फार माया वाटली.

आणि इथं बारक्याचा दोन कॉइलचा बेत अडला. जोडीनं ठिणगी टाकणाऱ्या ईसीयूला आत्ता कॉम्प्रेशनवर एक नंबर आहे की तीन, हेच कळत नाही. तीनला मागं ठेवायचं तर एकही मागं जातो. तीनची वेगळी काळजी घ्यायची असेल तर कॅम सेन्सर हवाच, आणि तो आलाच तर चार कॉइल हीच सरळ वाट.

"म्हणजे डॉक्टरचं बरोबर होतं," बारक्या म्हणाला.

"चारचं बरोबर होतं. प्लगवरचं नव्हतं," मी म्हटलं.

कॅम सेन्सर कुठं लावायचा ते काकांनीच सांगितलं. डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा पिनियन काढता येणार नाही, त्याच्यावरच्या एक्सेंट्रिकवर, म्हणजे तिरक्या फिरणाऱ्या चकतीवर, पेट्रोल पंप चालतो. तो राहणारच. मग एखाद्या जुन्या, भंगारातल्या डिस्ट्रिब्यूटरचं पोट रिकामं करायचं, आत एक चुंबक नि ते समोर आलेलं ओळखणारा हॉल सेन्सर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकदा फिरतो, हवं तेवढंच कळतं.

जनरेटरवर थोडी चर्चा झाली. आयडलला तो काहीच भरत नाही, रात्री दिवे लावून सिग्नलला उभं राहिलं तर ईसीयूला व्होल्टेज कमी पडेल. अल्टरनेटर घाल म्हणून सगळ्यांचं एकमत झालं, डॉक्टरचं सोडून. जनरेटर मूळचा आहे, तो काढायचा नाही, असं त्याचं म्हणणं. तो त्याचा प्रश्न.

काकांचा पहिला प्रश्न मात्र तसाच राहिला होता. डबा घाटात मेला तर? बारक्यानं बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "जुना डिस्ट्रिब्यूटर नवे पॉइंट घालून, टायमिंग लावून, क्लँपसकट डिकीत ठेवायचा. जुनी कॉइल तिच्या जागेवरच राहू दे, फक्त वायर सोडलेली. क्लँपचा एक नट, पाच एचटी, म्हणजे ठिणगीच्या जाड वायरी (चार प्लगच्या, एक कॉइलची), दोन बारक्या वायरी. अर्ध्या तासात गाडी १९६८ ला परत."

"अर्धा तास न्हाय, वीस मिन्टं," काका म्हणाले. "मी बसवून दावतो. पर एक. पुलीला वेल्डिंग करायचं न्हाय. चाक मी उद्यमनगरातनं कापून आणतो, बोल्टनं लावू, रनआउट, म्हंजे चाक डुलतंय का, डायलवर बघू. मूळ पुलीला वरखडा उठला तर मी हात लावणार न्हाय."

डॉक्टरनं खिशातून ते व्हिजिटिंग कार्ड काढलं. कडेला पॉइंटचा काळा ठसा उमटलेला होता. ते त्यानं डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपखाली नीट सरकवलं आणि फडकं परत गुंडाळलं.