आधी प्रेक्षक, मग मैदान?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच खल चाललाय. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या पैशांतून मागच्या पटांगणात पत्र्याची शेड घालून, मॅट टाकून मुलींच्या कबड्डीला हक्काची जागा द्यायची की नाही? आमच्या बॅचचा एक शहाणा लिहितो, "मुलींची मॅच बघायला कुत्रं तरी येतं का? आधी प्रेक्षक आणा, मग मैदान मागा." त्याला पटापट अंगठे.

हे वाचलं तेव्हा मी अमेरिकेत, मिनियापोलिसच्या रिडर अरेनात, मुलींच्या आइस हॉकीच्या सामन्याला मांडीवर ब्लँकेट घेऊन लेकीशेजारी बसलो होतो. बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी नुकतीच फिरून गेलेली, बर्फ ओल्या शहाबादी फरशीसारखा चकाकत होता. म्हटलं, थांब, याला आता सांगतोच.

आमच्याकडे, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठात, मुलींचा संघ १९९७ साली सुरू झाला. पोरी आधी मुलांच्या मारिउची रिंकवर खेळायच्या. २००२ साली त्याला लागूनच रिडर उभा राहिला. खास मुलींच्या कॉलेज हॉकीसाठी बांधलेला हा अमेरिकेतला पहिला अरेना. २०१२-१३ च्या हंगामात या पोरींनी ४१ पैकी ४१ सामने मारले, फायनलही याच बर्फावर, बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-३ ने हरवून. आधीचा-नंतरचा धरून तीन हंगामांत मिळून ओळीने ६२ विजय! "आधी मैदान द्या, मग बघा," असं ठणकावून लिहिलं.

काय लिहिलं नाही, तेही सांगतो. रिडरमध्ये खुर्च्या साधारण ३,४००, शेजारी मुलांकडे दहा हजारांच्या घरात. पोरींनी २००० साली देशाचं विजेतेपद मिळवलं तेव्हा रिडर नव्हताच. आणि रिडर हे देणगीदार नवरा-बायकोचं आडनाव. ते लिहिलं असतं तर पुढचा मेसेज ठरलेला होता.

तो तरीही आलाच. "आमच्याकडे म्हणजे कुठे रे? आणि डॉलरवाल्यांनी नुसतं बोलायचं का? घे की शेड अंगावर." इंटरमिशनभर उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. लेक म्हणाली, "बाबा, फोन ठेव."

शेडच्या पैशांचं बघता येईल. डोक्यातून जात नव्हतं ते पटांगण. शाळा सुटली की मुली फक्कीने कबड्डीची आखणी करायच्या. आम्हाला तिथेच पिच हवं असायचं. मी स्वतः चपलेने त्या रेघा पुसल्यात. धाकटी बहीण "दादा, दहाच मिनिटं" म्हणत उभी होती, तरी पुसल्या. नववीत तिने खेळ सोडला. का, ते मी कधी विचारलं नाही.

तीही आहे ग्रुपवर. आठवडाभर गप्प होती. सामन्याचा तिसरा पीरियड सुरू होताना तिचा मेसेज आला, "मॅटवरच्या रेघा चपलेने पुसल्या जात नाहीत ना रे दादा?"

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. बाकीच्यांना तो विनोद वाटला.