‘कला विकली’ म्हणण्याआधी मोझार्टचं पत्र वाचा

सिंफनी ऑर्केस्ट्रांबद्दल, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांबद्दल, एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं असं की पूर्वी ही मंडळी फक्त कलेसाठी वाजवत, आता श्रोते, सिनेमावाले आणि बाहेरचे टीकाकार यांच्यापुढे मान तुकवून त्यांनी कला विकली.

‘पूर्वी फक्त कलेसाठी.’ पूर्वी म्हणजे कधी? १७७८ साली संगीतकार मोझार्टने पॅरिससाठी सिंफनी, म्हणजे अनेक भागांची मोठी वाद्यरचना, लिहिली, त्याची हकिगत त्याने स्वतःच वडिलांना कळवली आहे. तिथे शेवटचा भाग सगळी वाद्यं एकदम वाजवून सुरू करतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. म्हणून याने मुद्दाम सुरुवात केली ती नुसत्या व्हायोलिनवर, हलक्या आवाजात, आणि मग एकदम सगळा ताफा सोडला. श्रोत्यांनी आधी एकमेकांना ‘शूऽऽ’ केलं आणि दणका येताच टाळ्या! त्याला नेमकं तेच हवं होतं. वर आयोजकांना मधला संथ भाग लांबलेला वाटला, तर पठ्ठ्याने दुसरा लिहून दिला. याला कला विकणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

‘सिनेसंगीत म्हणजे शरणागती.’ १९७७ साली ‘स्टार वॉर्स’चं संगीत वाजवलं ते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने. १९०४ पासून त्याचा कारभार वादकच पाहतात. शरण गेले तर कुणाला?

‘बाहेरचा दबाव कलेला मारतो.’ व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राची स्थापना १८४२ची. हार्पवादक आना लेल्केस तिथे कित्येक वर्षं वाजवत होत्या, पण बाई म्हणून सदस्यत्व नाही. १९९७ साली अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर निदर्शनांची तयारी सुरू झाली, तेव्हा कुठे ते मिळालं. दीडशे वर्षांच्या परंपरेला जे सुचलं नाही, ते बाहेरच्या ओरड्याने करून घेतलं.

पैशाची ओढाताण मात्र खरी आहे. बीथोव्हेनच्या सिंफनीला आजही तेवढेच हात आणि तेवढाच वेळ लागतो, पगार मात्र जगाबरोबर वाढतात. नुसत्या तिकिटांवर हा संसार चालत नाही. पण ओढाताण आहे म्हणून कात्री कुठे चालवायची, हे कोण ठरवतं ते बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापनाने मोठ्या पगारकपातीसाठी ऑक्टोबर २०१२मध्ये वादकांवर टाळेबंदी लादली, म्हणजे त्यांचं काम आणि पगार बंद केला. ती पंधरा महिने चालली. वादकांनी स्वतःच्या मैफली स्वतः भरवल्या, कंडक्टर ओस्मो व्हॅन्स्का राजीनामा देऊन बाहेर पडले. अखेर पंधरा टक्के कपातीवर तडजोड झाली. त्यानंतर व्हॅन्स्का परतले आणि ज्यांनी त्यांना जाऊ दिलं, त्या अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली.