बेनिनचं ‘ब्राँझ’ बहुतेक पितळच आहे

‘बेनिन ब्राँझ’ (पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या बेनिन राज्यातली धातूची ओतीव मस्तकं, फलक वगैरे) हे नाव इतकं रुळलंय की त्यातले बहुतेक नग पितळेचे आहेत हे सांगितलं की लोक चमकतात. ब्राँझ म्हणजे कासं, आणि काशात तांब्याला कथील लागतं. इथे तांब्यात जस्त आहे आणि बऱ्याचदा चांगलंच शिसंही. शब्दाचा कीस म्हणा हवं तर, पण सगळा व्यापार त्या जस्तात आहे.

१४८०च्या दशकात पोर्तुगीज आजच्या नायजेरियातल्या या राज्यात पोचले. मिरी, हस्तिदंत आणि माणसं विकत घ्यायची आणि बदल्यात ‘मनिला’ द्यायचे, म्हणजे घोड्याच्या नालासारखी पितळी कडी. ओताऱ्यांनी तीच मुशीत टाकली. त्यांचं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडचं होतं, हे २०२३मध्ये शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) दिसलं.

यावरून ‘पोर्तुगीजांनी शिकवलं’ म्हणणारे निघतातच. धातू आला, कसब तिथलंच. त्याच देशातल्या इग्बो-उक्वूची ओतीव भांडी साधारण नवव्या-दहाव्या शतकातली मानतात (आणि ती मात्र खरोखर काशाची!).

कसब म्हणजे काय ते राजाच्या मस्तकात बघा. आधी मातीचा गाभा, खडखडीत वाळवलेला. त्यावर मेणाचा काही मिलिमीटरचा थर, गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळाही मेणाच्याच. वरून मातीचा पहिला हात अगदी गाळीव, कारण बारीक रेघ तोच उचलतो. मग जाडी माती. मेण वितळून गेलं की गाभा आत अधांतरी. आधीच आरपार खिळे घातले नसतील तर तो सरकतो: एक गाल जाड, दुसऱ्याला भोक. पितळ मेणाच्या नऊपट जड, म्हणून किलोभर मेणाला नऊ किलो धातू, रस ओतायच्या नाळेत अडकणारा वेगळा. मध्येच कमी पडला तर थिजलेल्या काठावर नवा रस नीट सांधत नाही. साच्यात ओल राहिली तर वाफेने तो फुटतो. आणि जस्त ९०७ अंशांलाच उकळतं; मूस जास्त तापली की पांढरा धूर निघतो, तो धूर म्हणजे उडालेलं जस्त. शिसं मात्र रस पातळ ठेवतं, म्हणून तो नक्षीच्या कानाकोपऱ्यात पोचतो.

१८९७मध्ये ब्रिटिशांनी राजवाडा लुटला आणि हजारो नग युरोपभर पांगले. आता काही परत जाताहेत, पण संग्रहालयात आजही बहुधा फलकाचा दर्शनी भागच दाखवतात. मला विचाराल तर एखादा तरी उलटा मांडा. अर्धवट भरलेली जागा, नंतर ओतलेलं ठिगळ हे सगळं मागेच दिसतं. पुढून बघणार असाल तर निदान कडेची भोकं बघा. राजवाड्याच्या खांबांवर हे फलक त्यातूनच खिळ्यांनी ठोकलेले होते.