गंजलेले जुने वाहन खरवडून रंगवणे हाच एकमेव उपाय आहे का?

जुन्या सायकली, स्कूटर आणि जीप जमवणाऱ्या मंडळींत एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लोखंडाला एकदा गंज धरला की तो थांबत नाही; म्हणून जुने वाहन हाती येताच ते पूर्ण उघडावे, सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून कोऱ्या धातूपर्यंत न्यावे आणि वर पावडर कोटिंग (रंगाची भुकटी चढवून ती भट्टीत पक्की करणे) करून घ्यावे. हवा तो रंग आज मिळत असल्याने यात काही गमावत नाही, उलट किंमत वाढते. गंजाची छटा जपण्याची हौस परदेशातली आहे, ती आपल्या पावसाळ्यात टिकणार नाही आणि एरवीही तो निव्वळ आळस आहे. हा सल्ला देणाऱ्यांचे वाहनांवर प्रेम आहे यात शंका नाही. पण त्यापायी अनेक वाहनांचा मूळ पृष्ठभाग कायमचा नाहीसा होतो आहे, म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक वाटते. संग्राहक ज्याला ‘पॅटिना’ म्हणतात तो म्हणजे नुसता गंज नव्हे. झिजलेला मूळ रंग, विटलेले निकेल आणि त्यांमधून डोकावणारा गडद, घट्ट बसलेला गंज या सर्वांचा मिळून तो बनतो.

‘गंज थांबत नाही’ या पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे. तांब्यावरचा हिरवा थर किंवा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर जसा खालच्या धातूला झाकून ठेवतो, तसे साध्या पोलादावरचा गंज करत नाही. तो सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे फुगून पापुद्रे धरतो आणि ओल आत खेचत राहतो. दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देऊन ‘गंजच गंजापासून वाचवतो’ असे म्हणणारेही म्हणूनच चुकतात. त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच जास्त आहे, आणि हवामान सोसण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या कॉर-टेन पोलादात तांबे व क्रोमियमसारखे घटक मिसळलेले असतात. आपल्या सायकलीच्या नळीत यांपैकी काहीच नसते. परंतु यावरून गंज थांबवताच येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि मीठ असेल तर ती क्रिया झपाट्याने होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या खाली असेल आणि पृष्ठभागावर क्षार नसतील, तर गंजण्याचा वेग अगदी नगण्य होतो. म्हणजे ओल तोडली की गंज जागच्या जागी थांबतो. त्यासाठी तो समूळ खरवडून काढावा लागत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते असे. बोट फिरवल्यावर हाताला लागणारी तांबूस भुकटी हा चालू गंज होय. हलके तेल आणि अगदी बारीक स्टील वूल घेऊन, जोर न लावता, तेवढीच भुकटी काढावी. खालचा तपकिरी-काळा कठीण थर राहू द्यावा. त्यानंतर टॅनिक आम्लाचा हात दिला की उरलेल्या गंजाचे निळसर काळ्या, स्थिर लोहसंयुगात रूपांतर होते. पुरातत्त्वातील लोखंडी वस्तूंवर संवर्धक हेच आम्ल वापरतात, आणि आपल्याकडे हिरडा व लोहक्षार यांपासून काळा रंग तयार होई त्यामागचे रसायनही हेच होते. मात्र या हाताने तांबूस छटा काळवंडते, हे आधीच ध्यानात घेऊन तो फक्त अपरिहार्य जागीच द्यावा. सर्वांत शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) मेणाचा पातळ थर लावावा. हे मेण पुढे कधीही विद्रावकाने उतरवता येते, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

दुसरा दावा असा की सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग यांनी वाहनाचे काहीही बिघडत नाही. साध्या रोडस्टर सायकलीची जाड नळी हा मारा सोसते हे खरे; पण 1935 साली आलेल्या रेनॉल्ड्स 531 सारख्या हलक्या पोलादी नळीची मधल्या भागातील जाडी अर्धा-पाऊण मिलिमीटरच असते, आणि तेथे वाळूचा जोर व कारागिराचा हात यांवरच सारे काही अवलंबून राहते. गाडीचा सपाट पत्रा तर माऱ्याने ताणला जाऊन लाटांसारखा होतो, आणि मग त्यावर लांबी (पुट्टी) भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पावडर भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाला पक्की होते. जुन्या मोटारींच्या सांध्यांत भरलेले शिसे-कथलाचे मिश्रण याच तापमानाच्या आसपास मऊ पडू लागते. पावडरचा थरही जाड असतो. तो फ्रेमवर ठोकलेला क्रमांक बुजवतो, आणि हँडलच्या कटोऱ्या बसवताना तो थर पुन्हा कोरून काढावा लागतो.

क्रमांकाचा हा मुद्दा मोटार-वाहनांच्या बाबतीत विशेष गंभीर आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत विंटेज म्हणून नोंदवता येतात. घासून पुसट झालेला चासी क्रमांक घेऊन नोंदणी कार्यालयात जाण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

याच दाव्यातील आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. वाळूने कोरे केलेले पोलाद दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागते. त्यावर घाईने चढवलेल्या पावडरला पुढे एखादा टवका उडाला की ओल थराखाली शिरते आणि गंज आतल्या आत पसरत जातो. वरून चकाकी कायम असते, आणि फुगवटा दिसेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. मेण लावलेल्या उघड्या पृष्ठभागावर नवा गंज पहिल्याच आठवड्यात नजरेस पडतो.

‘हवा तो रंग मिळतो, मग गमावले काय?’ या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण सगळा वाद येथे आहे. एकेकाळी भाड्याने दिल्या जाणाऱ्या जुन्या सायकलीचे मागचे मडगार्ड घ्या. वर काजळी, वंगण आणि वर्षानुवर्षांची धूळ यांचा काळा लेप असतो. कापसाचा बोळा किंचित रॉकेलमध्ये भिजवून, एका कोपऱ्यात परीक्षा करून, मग हलक्या हाताने फिरवला की त्या काळ्यातून आधी गडद हिरवे इनॅमल वर येते, मग कडेने ओढलेली बारीक सोनेरी रेघ, आणि मग पेंटरने ब्रशने रंगवलेले दुकानाचे नाव व सायकलीचा नंबर. अक्षराचा दांडा जेथे जाड होतो तेथे ब्रश टेकवल्याची खूणही कधीकधी दिसते. कॅरिअरची दांडी घासून जेथे रंग गेला आहे, तेवढाच पट्टा गंजलेला असतो. ही सायकल कोणी, कशी, कशासाठी वापरली याची इतकी खात्रीशीर नोंद दुसरीकडे कोठेच नसते, कारण तिची ना बिले उरली ना दुकाने. वाळूच्या माऱ्यापुढे ही नोंद काही मिनिटेही टिकत नाही. त्या मानाने बोळा घेऊन एकेक इंच उघडा करणे हे कितीतरी दिवसांचे काम आहे. त्याला आळस म्हणणाऱ्यांनी एकच मडगार्ड अशा रीतीने साफ करून पाहावे.

शिवाय ‘हवा तो रंग’ जुळवायचा तरी कशाशी? उन्हाने विटलेला भाग नमुना म्हणून चालत नाही. मूळ छटा शिल्लक असते ती समोरच्या पितळी बिल्ल्याखाली, पट्ट्या-क्लॅम्पच्या खाली, चेनकव्हरच्या आतल्या बाजूस. आधी सगळे खरवडून मग रंग शोधायला निघणारा माणूस नमुनाच नष्ट करून बसलेला असतो. रंगाआधी फ्रेमवर फॉस्फेटचा थर देण्याची पद्धत काही ब्रिटिश कारखान्यांत रुळली होती. तो थरही वाळूबरोबर जातो. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या महासंघाने ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ट्युरिन सनद केली, आणि तिच्यात संपूर्ण नूतनीकरणापेक्षा जतनाला आधी स्थान दिले, ते याच विचाराने. स्वित्झर्लंडच्या बाजूस लागो माज्जोरे सरोवराच्या तळाशी काही दशके पडून राहिलेली 1925 ची बुगाटी ब्रेशिया मोटार 2009 मध्ये वर काढण्यात आली. पुढे ती कॅलिफोर्नियातील मुलिन संग्रहालयात गेली, तेव्हा तिला रंगवण्याऐवजी त्या खाल्लेल्या, कुजलेल्या रूपातच मांडले गेले. एवढ्या टोकाला प्रत्येकाने जावे असे माझे म्हणणे नाही. पण रंगवण्याचा निर्णय केव्हाही घेता येतो आणि खरवडण्याचा मागे घेता येत नाही, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आपल्या हवेचा आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो, निष्कर्ष तेवढा मान्य नाही. देशावर वर्षातील बरेच महिने हवा कोरडी असते आणि तेथे हे जतन सहज साधते. कोकणात आणि गोव्यात खारा वारा आहे. तेथे वाहन गोड्या पाण्याने पुसून क्षार काढणे, ते पूर्ण वाळवणे आणि मगच मेण लावणे हा क्रम पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर पाळावा लागतो. रात्रभर प्लास्टिकच्या कापडाखाली झाकून ठेवणे सर्वांत वाईट, कारण ओल आतच कोंडते. गंजावर थेट पारदर्शक लॅकर मारण्याचा सोपा मार्गही फसवा आहे. खालचा चालू गंज त्याला उचलतो आणि तो सालींसारखा सुटतो. पुष्कळजण उकळलेले जवसाचे तेल सुचवतात. त्याने रंग खुलतो, परंतु ते वाळून पिवळट, चिवट होते आणि पुढे काढणे जड जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

किमतीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसला बायों या फ्रेंच कुटुंबाच्या जुन्या मोटारींच्या संग्रहाचा लिलाव झाला. शेडमध्ये कित्येक दशके धूळ खात पडलेल्या त्या मोटारी जशाच्या तशा विकल्या गेल्या आणि त्यांतील एका फेरारीला 1 कोटी 60 लाख युरोंहून अधिक किंमत मिळाली. सामान्य रोडस्टर सायकलीला असे भाव येणार नाहीत, आणि गंज आहे म्हणून किंमत वाढते असेही नाही. मूळ रंग, मूळ सुटे भाग आणि त्यांचा एकमेकांशी जुळणारा जुनेपणा यांना जाणकार किंमत देतात. आम्ल शिंपडून मुद्दाम आणलेला गंज त्यांच्या डोळ्यांतून सुटत नाही.

एका ठिकाणी मात्र सल्ला देणाऱ्यांची चिंता पूर्ण रास्त आहे. सायकलीच्या पायडलच्या हाऊसिंगमध्ये पाणी साठते आणि नळी आतून खाल्ली जाते. पुढच्या चाकाच्या चिमट्याची (फोर्कची) नळी वरच्या कटोरीखाली कुजते. तारांच्या भोकांभोवती रिमला चिरा पडतात. बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये पत्र्याचे अंगच सांगाडा असते, त्यामुळे पायाखालच्या रबरी पट्ट्यांखालील गंज हा दिसण्याचा प्रश्न उरतच नाही. अशा जागी बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे, लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, आणि धातू दबला किंवा आवाज बद्द आला तर ते वाहन रस्त्यावर आणू नये. त्यावर उपाय आहे तो तेवढाच कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडण्याचा आणि त्या जोडालाच प्रायमर व रंग देण्याचा. चेतकचा तळ बदलला म्हणून पुढचे मडगार्ड खरवडायचे कारण नाही.