पोराला काय होतंय?

माझ्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. मराठवाड्यात मुलीच्या भावांनी एका पोराला मारल्याची बातमी होती. एकाने लिहिलं, "त्यानं पायरी ओळखून राहायचं होतं." दुसरा म्हणे, "इज्जत मुलीकडच्यांची जाते, पोराला काय होतंय?" मी बोललो तर मलाच ऐकवलं, "तू स्वीडनमध्ये बसून अक्कल शिकवू नको."

पोराला काय होतं ते आपल्याच जामखेड तालुक्यात, खर्ड्यात दिसलं. 28 एप्रिल 2014. नितीन आगे, वय 17, दलित घरातला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून शाळेतून ओढून नेला, मारला, झाडाला लटकवला. खटल्यात साक्षीदार फितूर झाले, शिक्षकसुद्धा. 2017मध्ये सगळे आरोपी सुटले. सासरच्या छळाचं जुनं कलम 498अ निघालं की 'पुरुषांवर अन्याय' म्हणून रकाने भरणाऱ्यांनो, नितीन तुमच्या पुरुषांत बसत नाही का?

इथे स्वीडनमध्येही असं घडलंय. 2005मध्ये हॉग्सबीत अब्बास रेझाई या अफगाण तरुणाला प्रेमापायी मारलं. मुलीच्या 17 वर्षांच्या भावाने गुन्हा अंगावर घेतला, शिक्षा भोगली. पुढे त्याने कबुली फिरवली आणि 2011मध्ये आईबापांना दहा वर्षं झाली. एका घराच्या इज्जतीपायी दोन पोरं गेली, एक जिवानिशी आणि एक तुरुंगात. पण इथे ते मान्य तरी करतात. 2022पासून इज्जतीपायी केलेला जाच हा वेगळा गुन्हा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये असे गुन्हे रोखायचे निर्देश दिले, देशभरासाठी स्वतंत्र कायदा अजून नाही.

उन्हाळी सुट्टीआधी माझ्या मुलाच्या शाळेतली कुराटोर, म्हणजे समुपदेशक, मुलग्यांनाही विचारते, बहिणीवर पाळत ठेवायला घरून सांगतात का? मला कुणी विचारलं नव्हतं. नववीत असताना मी ताईच्या क्लासबाहेर सायकल धरून उभा असायचो. घरी आलं की दादा, म्हणजे वडील, आधी मला विचारायचे, "कोण बोललं तिच्याशी?" "कुणी नाही" म्हटलं की पट्टा माझ्या पाठीवर. ताईला तर त्याहून जास्त सोसावं लागलं, ते तिनं सांगायचं.

ग्रुप मी सोडणार नाही. मी जामखेडचाच आहे. 1795च्या खर्ड्याच्या लढाईवर भाषण करून बक्षीस मिळवलेला पोरगा मी. पण इथल्या मराठी मंडळात कुणी गाव विचारलं की नुसतं "नगरकडचा" म्हणतो. खर्ड्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही.