४०० चौरस फूट अंगणाला वाळू किती? वडगावच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा असा: "२० बाय २० च्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायला अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू पुरते असं तुम्ही लिहिलंय. आमचे गवंडी एक ब्रास मागतात आणि शेजारी तेवढ्याच अंगणाला दीड गेली. कागदावरचे हिशेब लोकांच्या गळ्यात मारू नका. शिवाय क्रशरची डस्ट स्वस्तात मिळत असताना एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) कशाला?"

पहिल्या मुद्द्यावर तुमची तक्रार रास्त आहे. अर्धा ब्रास हा आकडा फक्त ब्लॉकखालच्या थराचा होता. सांध्यांतली वाळू आणि सांडलवंड त्यात धरलेली नव्हती आणि तसं स्पष्ट लिहिलंही नव्हतं, ही माझी चूक. पण गवंड्यांचा एक ब्रासही मला मान्य नाही.

पुन्हा मोजू. थर दाबून झाल्यावर ३० मि.मी., म्हणजे सव्वा इंचाच्या आत-बाहेर राहायला हवा. त्यासाठी मोकळी वाळू दीड इंच पसरायची. ब्लॉकवरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) फिरला की ती साधारण पाचवा हिस्सा खाली बसते. ४०० गुणिले दीड भागिले १२, झाले ५० घनफूट. वाया जाणारी दहा टक्के धरून ५५. आता सांधे. २०० बाय १०० चा, ६० मि.मी. जाडीचा ब्लॉक आणि ३ मि.मी. सांधा धरला तर सगळ्या सांध्यांची पोकळी जेमतेम साडेतीन घनफूट होते. झाडताना थोडी जाते म्हणून ५ घ्या. एकूण ६० घनफूट, पाऊण ब्रासच्याही आत. टनावर घेणार असाल तर पावणेतीन ते तीन टन.

मग उरलेले ४० घनफूट कुठे जातात? १०० घनफूट ४०० चौरस फुटांवर पसरले की तीन इंचांचा थर होतो, लागतो त्याच्या दुप्पट. तो जादा दीड इंच तळातले, म्हणजे वाळूखालच्या मुरूम-खडीच्या थरातले, खड्डे बुजवायला नाहीतर उतार काढायला वापरला जातो. उताराचंच बघा. पाणी निघायला फुटाला पाव इंच उतार हवा, म्हणजे २० फुटांत ५ इंच. तळ सपाट ठेवून एवढा उतार वाळूने काढला तर एका टोकाला पाच इंच जादा, सरासरी अडीच इंच, म्हणजे ८३ घनफूट. त्यात वरचे ६० मिळवले की १४३. शेजारची दीड ब्रास बहुधा अशीच गेली असावी.

नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर मी एवढं ताणलं नसतं. समजा तळात एका जागी दीड इंचाचा खड्डा आहे. वरून पाटा (वाळू सपाट ओढायची सरळ पट्टी) सरळ फिरला तरी तिथे वाळू तीन इंच आणि आजूबाजूला दीड इंच आहे. पाचवा हिस्सा बसली की आजूबाजूला ०.३ इंच खाली जाते आणि खड्ड्यावर ०.६. फरक सात-आठ मि.मी.चा, पण पावसाचं पाणी साचायला तेवढा खोलगटपणा भरपूर झाला. तिथे सांध्यांतून पाणी झिरपत राहतं, वाळू ओली राहते, गाडीचं चाक त्याच जागेवरून गेलं की ब्लॉक डुगडुगायला लागतो आणि बारीक वाळू पाण्याबरोबर वर येते. बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या काळ्या जमिनीत हे लवकर होतं, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खानापूरच्या बाजूच्या तांबड्या मुरमाड जमिनीवर त्रास कमी, पण तिथे पाऊस जास्त, म्हणून उतारात कसूर चालत नाही.

तेव्हा उतार आणि लेव्हल तळातच काढून घ्या. काळ्या मातीवर जिओटेक्स्टाईल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं जाड कापड) अंथरून त्यावर मुरूम आणि खडी मिळून नऊ इंच, तीन-तीन इंचांच्या थरात, पाणी मारून दाबलेली. मग दहा फुटी पाटा उताराच्या दिशेने आणि आडवाही ठेवून बघा. पाट्याखाली कुठेही १० मि.मी.पेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा खडीच्या बारीक मालाने भरून पुन्हा दाबायची. तिथे वाळू टाकू देऊ नका. कडेचा कर्बही (ब्लॉक अडवून धरणारी कडेची पट्टी) आधी पक्का करून घ्या, नाहीतर वाळू कडेने सरकते आणि सांधे उघडे पडतात.

वाळू सारख्या जाडीत ओढायला पाट्याखाली दोन बाजूंना जे पाईप ठेवतात, ते नीट निवडा. एक इंची जीआय पाईप बाहेरून मोजला तर ३३-३४ मि.मी. भरतो, सव्वा इंची ४२. आपल्याला दीड इंच थरासाठी ३८ हवेत, म्हणून दीड इंची चौकोनी पाईप घ्या. पाईप उचलल्यावर राहिलेली चर थापीने वाळू भरून बुजवा, आणि ओढलेल्या वाळूवर कुणालाही पाय ठेवू देऊ नका. दिवसभरात जेवढे ब्लॉक बसतील तेवढीच वाळू ओढा. रात्री सर आली तर ओढलेली वाळू काढून पुन्हा पसरावी लागते.

आता डस्ट. क्रशरच्या डस्टमध्ये, म्हणजे खडी फोडताना उरणाऱ्या भुकटीत, पिठासारखा बारीक भाग फार असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि ब्लॉकखाली त्याचा रबडा होतो. थरासाठी धुतलेली एम-सँड, सांध्यांसाठी कोरडी पी-सँड (गिलाव्याची बारीक वाळू). माल आला की पारदर्शक बाटलीत थोडी वाळू आणि मिठाचं पाणी घालून खळखळून हलवा आणि तीन तास ठेवा. १० सें.मी. वाळूवर ८ मि.मी.पेक्षा जाड गाळ बसला तर गाडी परत पाठवा.

ट्रॉली मोजताना आतली लांबी-रुंदी घ्या आणि उंची ढीग सपाट करून चार-पाच जागी बघा. दमट वाळू फुगलेली असते, कधी पाव हिश्श्यापर्यंत. घनफुटावर घेणार असाल तर भरल्या पावसात घेऊ नका.

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर सांध्यांतली वाळू थोडी खाली बसलेली दिसेल. त्यासाठी पी-सँडची एक गोणी कोरड्या जागी झाकून ठेवा.